न्यूकमाडुंगच्या वळणावर तात्यांना सांगितलं ते

"तिकडं दर्भ मिळंल का गं, का हितनंच घेऊ?"

पुण्याजवळच्या मांजरीहून तात्यांचा फोन होता. मी म्हटलं, "तात्या, अरुणाचलात दर्भ कोण विकणार? मी मंडईतून आणून ठेवते." फोन ठेवून वळले तर अब्बा ताटावरून उठले होते. अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

हे पान उघडणारे बरेच जण तवांगची माहिती शोधत येतात, म्हणून आधीच सांगून टाकते: आम्ही तवांगपर्यंत पोचलोच नाही. सेलाखिंडीवरून परत फिरलो. परमिट, रस्ता, राहणं, खाणं हे सगळं ओघात येईल. पण अब्बा, तात्या आणि मी कशासाठी गेलो होतो, ते आधी सांगायला हवं.

माझे आजोबा, आमचे बाबाजान, खडकीचे. लष्करात ट्रक ड्रायव्हर होते. बासष्टच्या युद्धात ते सेलाच्या रस्त्यावर सामान पोचवायचे. त्यांच्या जोडीला दुसरे ड्रायव्हर होते, मांजरीचे शिवराम. नोव्हेंबरात माघारीचा हुकूम आला, गाड्या सेलावरून खाली निघाल्या आणि न्यूकमाडुंगजवळच्या एका वळणावर गोळीबारात सापडल्या. बाबाजान डिसेंबरात पुण्याला परतले, एकटेच. ते आधी घरी आले नाहीत, थेट मांजरीला गेले. शिवरामकाकांच्या बायकोला त्यांनी सांगितलं, "गोळी लागली. माझ्या मांडीवर डोकं होतं. त्रास झाला नाही."

तिच्या पदरात दोन मुलं होती. आक्का आठ वर्षांची आणि तात्या तीन वर्षांचे. त्यानंतर दर भाऊबीजेला तिने बाबाजानना ओवाळलं, ती जाईपर्यंत. मुलं त्यांना मामा म्हणायची. तात्यांना शाळेत घातलं ते बाबाजाननी, त्यांच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागे उभे राहिले तेही बाबाजानच. गुरुजींनी भुवया उंचावल्या, तेव्हा तात्यांची आई म्हणाली होती, "माझा भाऊ हाय. तुमी मंत्र म्हणा."

बाबाजान सहा वर्षांपूर्वी गेले. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी एकट्या अब्बांना खरं सांगितलं. अब्बांनी ते कुणालाही सांगितलं नाही. आमची विमानाची तिकिटं निघाल्यावर, त्या भाकरीच्या संध्याकाळी, त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. (घरात आम्ही दखनी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहितेय.)

वळणावर शिवरामकाकांना गोळी लागलीच नव्हती. दोघंही ट्रकमधून उडी मारून खालच्या जंगलात उतरले. उडी मारताना काकांचा घोटा मोडला. तीन दिवस बाबाजान त्यांना खांद्यावर, पाठीवर घेत दक्षिणेकडे चालत राहिले. तिसऱ्या दिवशी काकांना उभंही राहवेना. बाबाजाननी त्यांना एका खडकाच्या आडोशाला बसवलं, म्हणाले, माणसं घेऊन येतो. आणि निघाले. मागून काका हाका मारत होते. ओढा ओलांडेपर्यंत त्या ऐकू येत होत्या.

माणसं भेटली नाहीत. किती दिवसांनी ते आसामच्या मैदानात पोचले हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. शुद्धीवर आले ते लष्कराच्या तंबूत.

मी म्हटलं, "अब्बा, हे तात्यांना सांगायचं नाही. सहासष्टाव्या वर्षी कशाला?"

"तो त्या वळणावर पिंड ठेवणार आहे. तिथे त्याचा बाप गेलाच नाही, रुबी."

"त्यांना काय फरक पडणार आहे?"

"मला पडतो," अब्बा म्हणाले. मग आम्ही पाच दिवस त्या विषयावर बोललो नाही.

गुवाहाटी ते भालुकपोंग

पुण्याहून गुवाहाटीला विमानाने गेलो. तिथून गाडी ड्रायव्हरसकट ठरवली, दिवसाला साडेपाच हजारांच्या आसपास, डिझेल धरून. ड्रायव्हर बिपुल, आसामचा, तिशीतला, हिंदी चांगलं बोलणारा. तवांगला जायला आता दुसरा, थोडा जवळचा रस्ताही आहे, पण आम्ही तेजपूरवरून गेलो, कारण बाबाजानच्या बोलण्यात तेजपूर यायचं. अरुणाचलात शिरायला परमिट लागतं. ते निघण्याआधी ऑनलाइन काढा आणि दोन-तीन प्रती जवळ ठेवा, कारण तपासणी नाक्यावर एक प्रत ठेवून घेतात.

तात्या पुढे बिपुलशेजारी बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात तांदूळ, काळे तीळ, दर्भ आणि घरच्या विहिरीचं पाणी भरलेली बाटली. विमानात ती बाटली नेता येणार नाही, हे विमानतळावर सांगितलं तेव्हा त्यांनी केवढा गोंधळ घातला होता! शेवटी ती चेक-इनच्या बॅगेत दोन स्वेटरांत गुंडाळून गेली. विधी होईपर्यंत ते दिवसातून एकदाच जेवणार होते. मला त्याचीच काळजी होती. उंचावर रिकाम्या पोटी माणूस लवकर थकतो.

"रशीद," ते मागे वळून अब्बांना म्हणाले, "मामा म्हणायचं, वळनाच्या खाली एक मोठं झाड होतं. खरं का?"

"म्हणायचे खरं," अब्बा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर चहाचे मळे होते. इतके हिरवे की एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते.

भालुकपोंगला कामेंग नदीकाठी राहिलो. साधं, स्वच्छ हॉटेल, वरणभात आणि बटाट्याची भाजी. तात्या नदीत हात बुडवून आले आणि आनंदात म्हणाले, "पानी लई गार. माझा बाप याच पान्यानं तोंड धूत असंल." मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे अजून नाही.

भालुकपोंग ते दिरांग

सकाळी सहाला निघा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. त्या बाजूला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारायला लागतं आणि घाटात धुकं कधी उतरेल याचा नेम नाही. आम्ही आठला निघालो, त्याची शिक्षा भोगली. नेचिफूचा बोगदा झाल्यापासून धुक्याचा एक वाईट टप्पा वाचतो, पण पुढे दरडींचं काम चालू होतं. एका ठिकाणी दीड तास नुसतं उभं राहावं लागलं. टेंगाच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना लष्कराच्या छावण्या. खडकीत वाढल्यामुळे ते हिरवे ट्रक, पांढऱ्या रंगाने रंगवलेले रस्त्याकडेचे दगड बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

बोमडिलाला थुक्पा खाल्ला, म्हणजे शेवयांचं गरम पातळ सूप. तात्यांनी फक्त चहा घेतला.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी अब्बांना गाठलं. "उद्या ते वळण येणार. एक तर आज सांगा, नाहीतर कधीच सांगू नका."

"आज सांगितलं तर तो उद्या तिथवर येणारच नाही. त्याला ती जागा बघू दे."

"आणि मग तिथे उभं करून सांगणार? अब्बा, हे क्रूर आहे."

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?" अब्बांचा आवाज चढला. हॉटेलवाली बाई बघायला लागली. तात्या रुमालाला हात पुसत आले आणि म्हणाले, "काय झालं? बापलेकीचं भांडान का?"

"बिलावरून," मी म्हटलं. खोटं बोलणं किती सोपं असतं, ते तेव्हा लक्षात आलं. बाबाजानचा मला पहिल्यांदाच राग आला आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली.

दिरांगला अंधार पडल्यावर पोचलो. त्सेरिंग नावाच्या बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. लाकडी घर, मधोमध शेगडी, चहात लोणी आणि मीठ. मला आवडला, अब्बांना नाही. तेजपूरच्या औषधांच्या दुकानातून आणलेला ऑक्सिजनचा छोटा डबा मी हाताशी काढून ठेवला.

न्यूकमाडुंग

सकाळ निरभ्र होती. तात्यांनी थंड पाण्याने आंघोळ केली, धोतर नेसले, वर दोन स्वेटर आणि कानटोपी. दिरांगहून वर चढताना ते प्रत्येक वळणावर बिपुलला विचारत होते, "यही है क्या?" बिपुल मान हलवायचा. 

न्यूकमाडुंगला युद्धस्मारक आहे. तिथे थांबलो, हात जोडले. पुढे थोड्या अंतरावर अब्बांनी गाडी थांबवायला सांगितलं. बाबाजाननी खुणा सांगितल्या होत्या: रस्ता डावीकडे मोडतो, खाली एकदम उतार, समोर दोन डोंगरांच्या मधे खाच. आम्ही उतरलो. तेच वळण असेल असं मी शपथेवर सांगणार नाही. रस्ता नंतर किती वेळा रुंद केला असेल. पण अब्बा आणि तात्या, दोघांनाही ते तेच वाटलं.

 कठड्याच्या आत सपाट जागा बघून तात्यांनी जमीन हाताने साफ केली, पंचा अंथरला, पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागले. 

"तात्या, थांब," अब्बा म्हणाले.

"काय राहिलं?"

"इथे नको. काका इथे गेले नाहीत."

तात्यांनी वर पाहिलं. अब्बा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि सगळं सांगितलं. उडी, घोटा, तीन दिवस, खडक. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. एक लष्करी ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला, तेव्हा ते थांबले, तो गेल्यावर पुन्हा तिथूनच बोलायला लागले.

तात्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"जित्ता व्हता?"

"हो."

"मामा निघाला तवा हाक मारत व्हता?"

"हो."

"आन् माझ्या आईला हे म्हाईत व्हतं?"

"नाही."

तात्यांनी तांदूळ, तीळ, दर्भ परत पिशवीत भरले. पंचा झटकून घडी केली. गाडीत जाऊन बसले आणि बिपुलला म्हणाले, "ऊपर चलो."

"तात्या, आज खाली जाऊ या," मी म्हटलं. "तुम्ही काही खाल्लेलं नाही."

"गाडी त्या वरच्या खिंडीतनं आली व्हती का न्हाई? मग वर चला."

सेला

खाली आता बोगदा आहे, बहुतेक गाड्या त्यातून जातात. खिंडीकडे जुना रस्ता जातो आणि सावलीच्या वळणांवर बर्फ गोठलेलं होतं. बिपुल पहिल्या गियरमध्ये गाडी चढवत होता. वरची उंची पावणेचौदा हजार फुटांच्या आसपास आहे. दिरांगहून एका दमात इतकं चढणं पन्नाशीपुढच्या माणसांनी टाळावं. मधे कुठेतरी थांबा, पाणी पीत राहा, पोटात काहीतरी असू द्या. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी गाडी थांबवली नाही, कारण तात्यांशी बोलायची हिंमत नव्हती.

वर खिंडीतल्या स्वागतकमानीजवळ गाडी थांबली न थांबली तोच तात्या दार उघडून उतरले आणि तिथल्या तळ्याच्या काठाने ताडताड चालायला लागले. वारा असा की हाक तोंडातून निघाली की उडून जात होती. "तात्या, हळू!" मी ओरडले. ते चालतच राहिले. अब्बा त्यांच्यामागे निघाले. दोन सत्तरीला टेकलेले म्हातारे, एक रागाने पुढे, दुसरा लंगडत मागे.

शंभरेक पावलांवर तात्या खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच. मी पोचले तेव्हा त्यांचे ओठ निळे दिसत होते आणि श्वास अर्ध्यातच तुटत होता. अब्बांनी त्यांचं डोकं उचलायला हात घातला.

"हात लावू नगं," तात्या म्हणाले.

अब्बांनी हात काढला, पण तिथेच बसून राहिले.

"तू जा. मी येतो मागनं."

"नाही जाणार."

"जा म्हंतो ना!"

"दे शिव्या. मी नाही जाणार."

मी गाडीकडे पळाले. इतक्या उंचीवर पळणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, पावलागणिक छातीत सुई टोचत होती. बिपुल ऑक्सिजनचा डबा घेऊन माझ्याआधी पोचला. आम्ही येईपर्यंत अब्बांनी तात्यांना पाठीमागून टेकू देऊन बसतं केलं होतं. तात्यांनी आता हात झिडकारला नाही. झिडकारायची ताकदच नव्हती बहुतेक. मास्क लावला, दहा मिनिटांनी रंग परतला. मग एका बाजूने बिपुल आणि दुसऱ्या बाजूने अब्बा, असं धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं.

अशा वेळी औषधापेक्षा खाली उतरणं महत्त्वाचं. बिपुल थेट दिरांगपर्यंत गाडी घेऊन आला. पुढचे दोन दिवस तवांगचं बुकिंग होतं. मी फोन करून रद्द केलं.

दिरांग, दुसरी सकाळ

उठले तर तात्यांची खाट रिकामी. अब्बांना हलवून उठवलं, दोघं चपला घालून तसेच बाहेर धावलो. ते नदीकाठी होते, त्सेरिंगबाईंबरोबर. एक हिंदी मोडून बोलत होता, दुसरी त्याहून मोडून. पण चाललं होतं.

"वो पहाड़ के पीछे का पानी इधर आता है?" तात्या दक्षिणेच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारत होते.

बाईंनी विचार केला. "नहीं. उधर का पानी उधर जाता है."

मला वाटलं, हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं. तात्यांनी थोडा वेळ डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालंल."

त्यांनी तिथेच पंचा अंथरला. त्सेरिंगबाईंनी शिजवून दिलेल्या भाताचे पिंड केले. दक्षिणेकडे तोंड करून वडलांचं नाव घेतलं. विहिरीचं पाणी सोडताना एवढंच म्हणाले, "उशीर झाला." आम्ही लांब उभे होतो. मग ते भाताचं पातेलं घेऊन आले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

जेवताना अब्बांकडे न बघता म्हणाले, "आक्काला मी सांगनार न्हाई. माझ्या तोंडातनं मामासाठी शिव्या निघतील. तू येऊन सांग. समद्यांम्होरं."

"येतो," अब्बा म्हणाले.

"आन् जसं मला सांगितलंस तसंच सांग. गोड करू नगं."

परत पुणे

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. गुवाहाटी विमानतळावर दोघं शेजारी बसले होते, मधल्या खुर्चीवर माझी बॅग.

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तात्यांचा फोन आला नाही. अब्बा रोज सकाळी फोन हातात घेऊन बसायचे, लावायचे नाहीत. मग एका रविवारचा निरोप आला, दुपारी या.

मांजरीत आता तात्यांच्या उसाला लागून बारा मजली इमारती उभ्या आहेत. अंगणात सगळे जमले होते. तात्यांची मुलं, सुना आणि खुर्चीवर आक्का, एकाहत्तर वर्षांच्या, ताठ बसलेल्या. वडलांचा चेहरा आठवणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

अब्बांनी सांगितलं. गोड केलं नाही. हाकांपाशी आले तेव्हा एक सून उठून आत गेली. तात्या जमिनीकडे बघत होते.  मला वाटलं, झालं, साठ वर्षांचं घर आज तुटलं.

आक्कांनी विचारलं, "थंडी फार व्हती का रे?"

"हो, आक्का. फार."

"दादांच्या अंगावर काय व्हतं?" वडलांना त्या दादा म्हणायच्या.

अब्बांनी तात्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन कोट."

"दोन कशे?"

"एक काकांचा. एक बाबाजाननी स्वतःचा काढून घातला होता. ते पुढे नुसत्या स्वेटरवर चालले."

तात्यांनी झटकन मान वर केली. हे मलाही माहीत नव्हतं. "हे तिथं वळनावर का न्हाई बोललास?"

"तू विचारलं नाहीस," अब्बा म्हणाले. "आणि मी आपणहून सांगितलं असतं, तर बापाची वकिली केल्यासारखं झालं असतं."

 तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला सांगता येणार नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ठरवूनही टाकणार नाही. मामाला माफ केलं असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही. अब्बांनी विचारलेलंही नाही. मला मात्र एक कळलं आहे. मी या प्रवासाला बाबाजानची आठवण जपायला गेले होते आणि जी जपायची होती ती आठवण खरी नव्हती. खरी आहे ती जड आहे, पण ती आता दोन घरांत वाटली गेली आहे. सहा वर्षं ती अब्बांनी एकट्याने वाहिली. त्याआधी कितीतरी वर्षं बाबाजाननी.

आक्का तोंडातल्या तोंडात "दोन कोट, दोन कोट" म्हणत होत्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदर सारखा केला आणि अब्बांना म्हणाल्या, "आता पहिल्यापासनं सांग. सावकाश. मला नीट ऐकायचंय."

आणि अब्बांनी पुन्हा ट्रकपासून सुरुवात केली.